पुंता अरेनासला निघालेल्या मित्रास

प्रिय मंदार,
स. न. वि. वि.

तिकिटं काढलीस हे झकास झालं, पण तू पाठवलेला कार्यक्रम वाचून कपाळावर हात मारला. चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासला संध्याकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुएर्तो नातालेसची बस धरायची? अरे, दक्षिणेला ५३ अंशांपर्यंत जाऊन त्या गावाचा नुसता एसटी स्टँड करणार का? तोरेस देल पाइनेचे डोंगर कुठं पळून जात नाहीत. पुंता अरेनासला तीन रात्री तरी ठेव. गाव मोठं आहे म्हणून नव्हे, तिथला वारा तुझा कार्यक्रम विचारत नाही म्हणून.

डिसेंबरात तिकडे उन्हाळा असतो हे वाचून वहिनींनी सुती कपडे काढले असतील, तर ते परत कपाटात जाऊ देत. दुपारी फार तर चौदा-पंधरा अंश, आणि वारा कधीकधी ताशी शंभर किलोमीटरच्याही वर. अशा दिवसांत चौकाच्या आसपास चक्क दोर बांधतात, माणसांना ते धरून चालता यावं म्हणून. मी तिथं असताना एक आजीबाई एका हातात दोर नि दुसऱ्या हातात पावाची पिशवी धरून तिरक्या तिरक्या चालल्या होत्या. चेहऱ्यावर कुरकुर म्हणशील तर नाही. छत्री नेऊच नकोस. वारा अडवणारं जाकीट, हनुवटीखाली बांधता येईल अशी कानटोपी आणि सनस्क्रीन एवढं मात्र हवंच. त्या भागात ओझोनचा थर विरळ होतो, त्यामुळे गार हवेतही ऊन भाजून काढतं. रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टीही घे.

वाऱ्याचा खरा फटका बसतो तो बोटींना. माग्दालेना बेटावर पेंग्विन बघायला मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं, मोठ्या फेरीबोटीनं सुमारे दोन तास. वारा चढला की बंदर बंद, बोट रद्द. म्हणून पेंग्विन पहिल्याच दिवशी ठेव; हुकले तर पुढचा दिवस हाताशी राहतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नव्हे. बेटावर जेमतेम तासभर मिळतो. आखलेली वाट सोडायची नाही आणि पेंग्विन आडवा आला तर थांबायचं आपण. पिल्लं राखाडी, लोकरीच्या गुंड्यांगत. त्यांचे आईबाप बिळाच्या तोंडाशी उभे राहून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती करत आळीपाळीनं एकेका डोळ्यानं आपल्याला निरखतात. फोटो काढायच्या नादात हे बघायचं राहू देऊ नकोस.

खाण्याचं सांगतो. चिलीच्या राजधानीत, सांतियागोला उतरताना शेतीखात्याची तपासणी कडक असते. ताजी फळं, बिया, मध घरीच ठेव. भडंग, चटणी, लोणचं जे काही बरोबर असेल ते सगळं फॉर्मवर लिहून दे. लिहिलेलं फार तर काढून घेतील. न लिहिलेलं सापडलं तर मोठा दंड. गावात तुझी चंगळ आहे, सेंतोया नावाचा भलामोठा लांब पायांचा खेकडा मिळतो. वहिनींचे थोडे हाल होतील. ‘किओस्को रोका’ या चिमुकल्या दुकानात चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घातलेला पाव आणि केळं घातलेलं दूध मिळतं, उभ्याउभ्याच खायचं. पाव तू खा, दूध वहिनींना दे.

आता तुझ्या आवडीचं. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडेपर्यंत हे बंदर गजबजलेलं होतं. त्यात मेंढ्यांच्या लोकरीचा पैसा. चौकाभोवतीचे वाडे त्यातूनच उभे राहिलेत. पण त्या मेंढपाळीपायी इथल्या मूळ रहिवासी सेल्कनाम लोकांचा जो संहार झाला, तो वाड्यांच्या झुंबरांत दिसत नाही. त्यासाठी सालेशियन पाद्र्यांचं संग्रहालय बघ. अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन, त्याची एलिफंट बेटावर अडकलेली २२ माणसं १९१६ मध्ये ‘येल्चो’ बोटीनं सोडवून आणली, ती याच धक्क्यावर. दफनभूमीही चुकवू नकोस, तिथली कातरलेली सायप्रसची झाडं बघण्यासारखी आहेत. चौकातल्या मॅगेलनच्या पुतळ्याखाली बसलेल्या आदिवासी मूर्तीच्या पायाचं चुंबन घेतलं की माणूस परत येतो म्हणतात. तो पाय किती ओठांनी चकचकीत केलाय हे बघून मी नुसता हात लावला.

आणि हो, तिथं हिंदू मंदिर आहे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सिंधी व्यापारी तिथं येऊन राहिले, मंदिर त्यांच्याच समाजाचं. कधी उघडं असतं ते विचारून मगच जा. ड्यूटी-फ्री बाजारात मात्र वेळ घालवू नकोस, जाकीट घरी विसरलास तरच जा.

नातालेसची बस तीन तासांची आहे, डिसेंबरात गर्दी असते, तेव्हा जागा आधी राखून ठेव. पण त्याआधी मुक्काम वाढव आणि नव्या तारखा कळव. पेंग्विनांच्या बोटीचे वार बघून पुढचं ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय