तयार एचटीएमएल पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालये, पतसंस्था, नगरपालिका यांची जुनी संकेतस्थळे ‘रिअ‍ॅक्ट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ‘नव्याने’ लिहून घेण्याची टूम आहे. त्या उत्साहात सर्व्हरवरून आयते येणारे एचटीएमएल (पानाचा तयार मजकूर) काढून टाकले जाते आणि रेंज कमी असेल तिथे माणूस मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. एवढ्यासाठी सगळे पाडायची गरज नसते. पान सर्व्हरनेच बनवावे, आणि जिथे हालचाल हवी तेवढ्याच तुकड्याला जावास्क्रिप्टचा व्ह्यू, म्हणजे तो तुकडा सांभाळणारा कोड, जोडावा. मात्र घोळ होतात ते या जोडणीतच.

बॅकबोन हे जावास्क्रिप्टचे साधन २०१० मधले असले तरी त्यावरची पाने अजून चालू आहेत, म्हणून आधी त्याचे. व्ह्यू बनवताना ‘एल’ (पानातल्या ज्या घटकाला जोडायचे तो) दिला नाही तर बॅकबोन स्वतःचा कोरा ‘डिव्ह’ (रिकामी चौकट) बनवतो. तो पानात कुठेच नसतो. त्यामुळे एररही येत नाही आणि क्लिकही लागत नाही. ‘एल’ म्हणून क्लासचा सिलेक्टर (त्या क्लासचे घटक शोधणारी खूण) दिला आणि पानावर तशा दहा प्रतिक्रिया असल्या, तर ‘एल’मध्ये पहिलीच येते, पण ‘डॉलर-एल’मध्ये (जुळलेल्या सगळ्या घटकांच्या संचात) दहाही. मग एक उघडायला जावे तर दहाही उघडतात. लूप फिरवून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र व्ह्यू द्यावा, हाच इलाज.

‘इनिशियलाइझ’मधून (व्ह्यू बनताच चालणाऱ्या कोडमधून) सवयीने ‘रेंडर’ (मजकूर छापणारा कोड) बोलावले की सर्व्हरचा मजकूर पुसून तोच पुन्हा छापला जातो, आणि वाचकाने एव्हाना चौकटीत टाइप केलेले नाव त्यात जाते. पहिल्या वेळी नुसते इव्हेंट (क्लिक वगैरे) जोडावेत. ‘रेंडर’ माहिती बदलल्यावरच. ‘रिमूव्ह’चेही तसेच. ते व्ह्यूबरोबर एचटीएमएलही पानातून काढते. मजकूर ठेवायचा असेल तर ‘अनडेलिगेट-इव्हेंट्स’ आणि ‘स्टॉप-लिसनिंग’ ही जोडणी तोडणारी दोनच बोलवावीत. पानाचा भाग अ‍ॅजॅक्सने (पान पुन्हा न उघडता) बदलल्यावर जोडणीचा कोड पुन्हा सगळ्या पानावर चालवला, तर जुन्या तुकड्यांना दुसरा व्ह्यू चिकटतो आणि एका क्लिकला अर्ज दोनदा जातो. जोडलेल्या घटकावर डेटा-अ‍ॅट्रिब्यूटची खूण ठेवून आधी ती तपासावी.

व्ह्यूला लागणारी माहिती पानातच जेसॉन या मजकुरी स्वरूपात देतात. तिच्यातले ‘लहान आहे’चे चिन्ह (<) एस्केप केलेच, म्हणजे सांकेतिक रूपात लिहिलेच, पाहिजे. नाहीतर कोणी प्रतिक्रियेत स्क्रिप्टचा बंद टॅग लिहिला की पान तिथेच फुटते, आणि पुढे हवा तो कोड घुसवायला वाट मिळते.

रिअ‍ॅक्टमध्ये या जोडणीला हायड्रेशन म्हणतात. २०२२ च्या आवृत्ती १८ पासून त्यासाठी ‘हायड्रेट-रूट’ आहे. त्याची अट कडक: ब्राउझरमधले पहिले रेंडर सर्व्हरच्या एचटीएमएलशी तंतोतंत जुळले पाहिजे. मराठी संकेतस्थळे इथे हमखास अडकतात ती तारखेपाशी. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), वाचकाचे साडेपाच तास पुढे. पहाटे ३ ची बातमी सर्व्हर आदल्या दिवशीची म्हणतो. शिवाय नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) १३ च्या आधीच्या आवृत्त्यांत साधारणपणे इंग्रजीचीच लोकेल-माहिती (भाषेनुसार तारीख-आकडे लिहिण्याची पद्धत) असे. त्यामुळे सर्व्हर तारीख इंग्रजी आकड्यांत छापत असे आणि ब्राउझर ती देवनागरीत मागत असे. असा मजकूर जुळला नाही की आवृत्ती १८ जवळच्या ‘सस्पेन्स’ या वेष्टनापर्यंतचा भाग, आणि सस्पेन्स नसेल तर अख्खे पान, ब्राउझरमध्ये नव्याने रचते. म्हणजे सर्व्हरची मेहनत वाया. न जुळल्याचा इशारा दाबून टाकण्याची सोय आहे, पण ती एकाच पातळीपुरती, आणि चुकीची तारीख चुकीचीच राहते. त्यापेक्षा टाइम-झोन ठरवून तारीख सर्व्हरवरच अक्षरांत करावी आणि रिअ‍ॅक्टच्या घटकाला तीच तयार ओळ द्यावी. तक्त्यात ‘टीबॉडी’ (ओळींभोवतीचा टॅग) न लिहिण्याची चूकही अशीच नडते: ब्राउझर तो टॅग स्वतः घालतो, रिअ‍ॅक्टला तो अपेक्षित नसतो.

राहिला तो मधला वेळ. पान दिसले आहे, स्क्रिप्ट अजून यायची आहे; अशा वेळी दाबलेले बटण बहुधा मुकेच असते. म्हणून फॉर्मला खरा ‘अ‍ॅक्शन’ (अर्ज जिथे जायचा तो पत्ता) आणि दुव्याला खरा पत्ता असावा. स्क्रिप्ट उशिरा आली किंवा आलीच नाही, तरी अर्ज जातो.

— एक वाचक, पुणे