वेळेच्या ॲपने आधी कॉलेजचे वेळापत्रक वाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरण्याचे दिवस आले, की ‘विद्यार्थ्यांसाठी वेळेचे नियोजन करणारे ॲप’ हा विषय संगणकशास्त्राच्या कुठल्या ना कुठल्या गटाच्या यादीत असतोच. विषय चांगला आहे आणि तो निवडणारी मुले स्वतःच त्याची गिऱ्हाइके असल्यामुळे गरजा शोधायला त्यांना लांब जावे लागू नये. तरीही संगणकशास्त्राची अध्यापिका म्हणून जे आराखडे माझ्यापुढे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला पडदा (स्क्रीन) एकसारखा असतो : सकाळी सहा ते रात्री अकरा असा कोरा उभा तक्ता, त्यात विद्यार्थ्याने आपली कामे भरायची, त्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा आणि वेळ झाली की ॲपने घंटा वाजवायची. ज्याचा दिवस खरोखरच कोरा आहे त्याच्यासाठी हा तक्ता ठीक आहे. सोलापुरात असा विद्यार्थी विरळा.

अक्कलकोटहून रोज एसटीने येणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. अंतर सुमारे ४० किलोमीटर, पण स्टँडवर गाडीची वाट पाहणे आणि पुढे शहरात कॉलेजपर्यंत पोहोचणे हेही तिच्याच वेळेतून जाते. आमच्या आराखड्यांत हा सगळा वेळ ‘मोकळा’ धरून त्यात वाचन टाकलेले असते. पासधारकांनी खचाखच भरलेल्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या मुलीला वाचता येत नाही; फार तर एका कानात इयरफोन घालून व्याख्यान ऐकता येते. म्हणजे काम किती मिनिटांचे आहे एवढे विचारून ॲपचे भागणार नाही. ते बसूनच करावे लागते की उभ्यानेही होते, त्याला वही लागते का, नेट लागते का, हेही त्याने विचारले पाहिजे आणि मगच ते कुठल्या तासात बसते हे सुचवले पाहिजे.

शहरातल्या मुलामुलींचे दिवस वेगळ्या तऱ्हेने भरलेले असतात. पूर्व भागातल्या ज्या घरात आई विड्या वळते, तिथे संध्याकाळी पत्र्याच्या मापावर तेंदूची पाने कापून देण्याचे काम पुष्कळदा कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे येते, कारण ठरलेला माल वेळेवर कारखान्यात पोहोचला नाही तर मजुरी बुडते. ‘नको त्या कामांना नाही म्हणायला शिका’ अशी सूचना नेमकी त्या वेळी तिच्या फोनवर झळकली, तर ती वाचून तिने काय करावे? नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात संध्याकाळी उभा राहणारा मुलगा दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस रात्री उशिरापर्यंत दुकानातच असतो आणि पहिल्या सत्राची सबमिशन व इंटर्नल (कॉलेजच्या अंतर्गत चाचण्या) यांचीही धांदल बहुधा त्याच सुमाराला चालू असते.

आणि पाणी. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर पटत नाही, पण इथल्या घराचा सगळा दिनक्रम त्यावर फिरतो. फोनमधल्या दिनदर्शिकेला ‘दर सोमवारी’, ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ किंवा फार तर ‘दर पाच दिवसांनी’ एवढेच समजते. पाण्याचा दिवस एकदा एका दिवसाने पुढे सरकला, की पुढचे सगळे दिवस सरकतात. म्हणून पुनरावृत्ती ठरलेल्या वारावरून न मोजता मागचे काम प्रत्यक्षात ज्या दिवशी झाले तिथून मोजण्याची सोय हवी. प्रोग्रामिंगच्या दृष्टीने हे काम अवघड नाही, पण आजवर एकाही गटाने ते आराखड्यात आपणहून लिहिलेले मला दिसले नाही, आणि हीच मुले सकाळी हंडे-बादल्या भरून कॉलेजला आलेली असतात.

आता थोडा हिशेब. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) आणि त्यांचे मिळून १२०० तास धरले जातात. त्यात वर्गातले तास, प्रात्यक्षिके आणि स्वतःचा अभ्यास हे सगळे आले. एका सत्राचे ६०० तास, आणि शिकवण्याचे आठवडे १५ धरले तर आठवड्याला ४० तास. दुकानातले रोजचे चार तास सहा दिवस धरले तर २४. विद्यार्थी बाहेरगावहून येत असेल तर जाण्यायेण्याचे रोज अडीच तास म्हणजे आणखी १५. झोपेला किमान सात तास दिलेच पाहिजेत, त्याचे ४९. आठवड्याच्या १६८ तासांतून हे सगळे वजा केल्यावर ४० तास उरतात. दिवसाला साधारण पावणेसहा तास, त्यात जेवणखाण, अंघोळ, घरकाम, मित्र, क्रिकेट आणि नुसते पडून राहणे. कागदावर हे बसते, नाही असे नाही. पण सत्राचे आठवडे सरासरीने चालत नाहीत. एखादा आठवडा निवांत जातो आणि एखाद्यात तीन इंटर्नल, दोन जर्नल (प्रात्यक्षिकांच्या वह्या) आणि एक सेमिनार एकदम येऊन पडतात. त्या आठवड्यात कुठल्याही रंगाचा तक्ता केला तरी वजाबाकी शून्याखाली जाते आणि मुले ती झोपेतून भरून काढतात.

खरा प्रश्न इथे आहे असे मला वाटते. पाच विषयांचे पाच शिक्षक आपापल्या सोयीने तारखा देतात, प्रत्येकाला आपलीच एक चाचणी दिसते आणि तिची एकूण बेरीज फक्त विद्यार्थ्याच्या डोक्यावर होते. या बेरजेवर उपाय म्हणून विद्यार्थ्याच्या हातात घंटा वाजवणारे ॲप देणे म्हणजे दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याला. ॲपला एक पडदा शिक्षकांसाठी असावा. शिक्षकाने चाचणीची तारीख टाकताच ‘या आठवड्यात या वर्गाला आधीच दोन चाचण्या आणि एक जर्नल आहे’ एवढे त्याला दिसले, तर बहुतेक जण आपली तारीख आपणहून चार दिवस पुढे घेतील. शिक्षक काही मुलांच्या वाइटावर टपलेले नसतात. त्यांना दिसत नाही, एवढेच. आणि विशेष म्हणजे या पडद्यासाठी एकाही विद्यार्थ्याची खासगी माहिती लागत नाही. लागतो तो कॉलेजचाच तारखांचा तक्ता.

खासगी माहितीविषयी आमचे गट फारच सैल असतात, म्हणून हेही लिहिते. कोण किती वाजता झोपतो, कुठे काम करतो, कुठल्या तासाला दांडी मारतो, हे सगळे ज्या ॲपमध्ये साठते त्याने ते शक्यतो विद्यार्थ्याच्या फोनमध्येच ठेवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे आणि प्रथम वर्षाला प्रवेश घेणारी बरीच मुले सतरा वर्षांची असतात. ‘ॲपमधून हजेरीवरही लक्ष ठेवता येईल’ असे वाक्य काही आराखड्यांत हौसेने लिहिलेले असते. ते वाक्य वाचले की विद्यार्थी ॲपमध्ये खरे काही भरणार नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

अभ्यासाच्या तंत्रांपैकी पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोदोरो पद्धत जवळजवळ प्रत्येक गट घालतो. ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटलीतल्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या गजराच्या घड्याळावर बसवली. पद्धत उपयोगी आहे, मात्र एका खोलीत पाच माणसे राहतात तिथे सलग पंचवीस मिनिटे मिळणे मुश्कील. मध्येच उठावे लागले म्हणून ‘सत्र अयशस्वी’ असे दाखवू नये, झाली तेवढी बारा मिनिटे जमेला धरावीत. सलग सात दिवस ॲप उघडले म्हणून पदक देण्याची प्रथा तर सरळ काढून टाकावी. त्या पदकामागे विद्यार्थ्याचा वेळ वाचवण्यापेक्षा तो ॲपमध्येच घालवण्याचा हेतू अधिक असतो.

त्यापेक्षा उपयोगाची एक गोष्ट सहसा कुणी घालत नाही. एखाद्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, मागचा अनुभव विरुद्ध असला तरी धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीची मांडणी केली. जर्नल लिहायला दोन तास पुरतील असे विद्यार्थी दर सत्राला म्हणतो. ॲपने फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष यांची नोंद ठेवावी आणि पुढच्या वेळी तो ‘दोन तास’ भरू लागला की ‘मागच्या जर्नलला पाच तास लागले होते’ एवढे सांगावे. उपदेश करू नये. स्वतःचाच आकडा समोर आला की पुरे होते.

हे सगळे होण्यासाठी एक साधी गोष्ट आधी व्हावी लागेल आणि ती विद्यार्थ्यांच्या हातात नाही. आज चाचण्यांच्या आणि सबमिशनच्या तारखा सूचनाफलकावर लागतात, कुणी तरी त्याचा तिरका फोटो काढतो आणि तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात फिरतो. दुरुस्ती झाली तर दुसरा फोटो येतो आणि पहिलाही फिरत राहतो. फोटोतल्या तारखा ॲपला भरवशाने वाचता येत नाहीत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे, त्यामुळे इथे हे करून पाहणे मोठ्या विद्यापीठांहून सोपे जावे. विद्यापीठाने आणि संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी प्रत्येक सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात विषयवार तारखांचा तक्ता फोनमधल्या दिनदर्शिकेत थेट उतरवता येईल अशा फाइलच्या स्वरूपात संकेतस्थळावर ठेवावा आणि बदल झाला तर त्याच फाइलमध्ये करावा, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. ती फाइल वाचून शिक्षकांचा पडदा तयार करण्याचे काम यंदाच्या प्रकल्पासाठी एखाद्या गटाने घ्यावे असे मी सुचवणार आहे.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका, सोलापूर