योजनेचा हिशोब आधी घरागणिक मांडा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

लाडकी बहीणवर रोज काहीतरी छापून येतंय, कोण म्हणतं तिजोरी रिकामी झाली, कोण म्हणतं बायकांना आधार झाला, पण नियम ठरवायच्या आधी कुणाच्या घरात काय होईल ते बघितलं का, हे कुणीच विचारेना म्हणून लिहितोय. मी टॉवेलवाल्यांचे जमाखर्च लिहितो, टॅक्सची कामं बघतो.

समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कामगार, बायको बिड्या वळते, दोघांचं मिळून वर्षाला 2 लाख 49 हजार. मालकानं थोडं वाढवलं आणि आकडा 2 लाख 52 हजारावर गेला की अडीच लाखाची मर्यादा ओलांडली, बाईचे महिना 1500 म्हणजे वर्षाचे 18 हजार नियमानं बंद. 3 हजार आले, 18 हजार गेले! आता इन्कम टॅक्स बघा, नव्या रेजिममध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, एखाद्याचं 12 लाख 10 हजार झालं तर स्लॅबनं 61,500 बसतो, पण मार्जिनल रिलीफ, म्हणजे मर्यादेच्या वर जेवढी कमाई त्याहून जास्त टॅक्स नाही ही सवलत, मिळून 10 हजारच भरायचा, वर सेस तेवढा. वरच्याला उतार करून दिलाय, खालच्याचा थेट कडेलोट.

मायक्रोसिम्युलेशन मॉडेलमध्ये हे आधीच दिसतं. सर्व्हेतली हजारो घरं कॉम्प्युटरवर घ्यायची आणि नवा नियम एकेका घराला लावून बघायचा, कुणाला किती मिळालं, कुणाचं किती गेलं, सरकारला किती पडलं. युरोपात यूरोमॉड नावाचं असं मॉडेल आहे, ईयूच्या 27 देशांचे टॅक्स आणि भत्ते त्यात आहेत, आणि फुकट डाउनलोड होतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते उत्पन्नाच्या आकड्यांवर. 2023-24 च्या घरखर्चाच्या सर्व्हेत 2 लाख 61 हजारांवर घरं होती, पण तो खर्चाचा सर्व्हे, कमाईचा नाही. मग जीएसटीचं तरी करा की! 22 सप्टेंबर 2025 पासून तेंदूपानावरचा 18 टक्क्यांचा 5 झाला, बिडीवरचा 1 फेब्रुवारी 2026 पासून 28 चा 18, कुठल्या थरातल्या घराचे किती वाचतील ते खर्चाच्या याच सर्व्हेवरून काढता येतं. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी त्यानं वाढेल का, ते मात्र असलं मॉडेल सांगणार नाही, ते मालकालाच विचारावं लागेल.

बजेटमध्ये योजनेला किती कोटी एवढंच छापतात, त्याला एक पान जोडा, कुठल्या थराला किती मिळणार आणि मर्यादेच्या जरा वर किती घरं लटकणार. मॉडेलही उघडं ठेवा, आमच्या सोलापूर विद्यापीठातली पोरं चालवून चुका काढतील.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर