पिंटूला, कासच्या रविवारनंतर

प्रिय पिंटू,

रात्रीचे अकरा वाजलेत, आई झोपलीय. काल तुझा फोन आला तेव्हा अण्णा बाहेर गेलेत असं तिने तुला सांगितलं, पण मी इथंच होतो, खुर्चीत. बोलायला तोंड झालं नाही. फोनवर माझा आवाज चढतो हे तुला माहितीय आणि रविवारी जे झालं त्यानंतर परत चढवायचा नव्हता, म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा सूनबाईला सांग की माझा राग तिच्यावर नव्हता. ती रडली ते मी आरशात बघितलं. तुम्ही सोमवारी पहाटे निघणार होता आणि रविवारी संध्याकाळीच बॅगा भरल्या, आईने पुरण शिजत टाकलेलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी चार चार पोळ्या खाल्ल्या आणि कुणी काही बोललं नाही.

चुकलो मी एवढंच की सगळ्यांसमोर ओरडलो. ओरडलो का, त्यात मी चुकलो नाही. बघ, परत सुरू झालं. आज त्या विषयावर लिहायचंच नाही असं ठरवून बसलो होतो.

चांगलं आठवतो आधी. शनिवारी चाळकेवाडीला चिऊ पवनचक्कीखाली उभी राहिली आणि मान वर करून करून मागं पडली, ढुंगणावर, आणि तशीच बसून "पंखा, पंखा" म्हणत राहिली. आईला म्हणाली पंखा बंद कर, थंडी वाजते. आई तेव्हापासून येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगतेय. तू सज्जनगडला तिला खांद्यावर घेऊन सगळ्या पायऱ्या चढलास, मधे एकदाही टेकला नाहीस, मी मागून बघत होतो. मला एकदम नाना आठवले, ते पण असेच तुला घेऊन चढायचे. ऑफिसात दिवसभर बसून काम करणारा माझा पोरगा लेकरू खांद्यावर घेऊन गड चढतो याचं किती बरं वाटलं ते तिथं सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.

आणि कास. माणसं ऑनलाइन बुकिंग करून पुण्यामुंबईतनं फुलं बघायला येतात, दिवसाला तीन हजारच सोडतात म्हणून पास मिळत नाही, आणि आपली चिऊ फुलांकडं ढुंकून बघेना. तिला कातळावरचं डबकं सापडलं. ताटाएवढं असेल, जांभ्याच्या खळग्यात पाऊस साचलेला. त्यात तिने एक खडा टाकला, काढला, परत टाकला. मी शेजारी बसलो, गुडघे दुखत होते तरी बसलो, आणि मोजले. एकोणीस वेळा. दरवेळी टप्प असं वाजलं की माझ्याकडं बघायची, मी ऐकलं का म्हणून. त्या डबक्याच्या कडेलाच सीतेची आसवं होती, जांभळी, तांदळाच्या दाण्याएवढी, उभ्या माणसाला दिसत नाहीत. एवढी वर्षं त्या रस्त्याने एसटीची गाडी नेली, पण इतक्या जवळून मी ती कधी बघितली नव्हती. चिऊमुळं बघितली. तेवढ्यात तुम्ही वरनं हाक मारली की चला, फोटो राहिलेत, कुमुदिनी तळं बघायचंय.

लहान लेकरू बरोबर असलं की एका दिवसात एकच ठिकाण करावं रे. तुम्ही कास, तळं, मग भांबवली, जमलं तर बामणोली अशी यादी काढलेली. अडीच वर्षांच्या पोरीला यादी कळत नाही. तिला एक डबकं पुरतं. सकाळी लवकर जावं, नऊ-साडेनऊपर्यंत धुकं उठतं, ऊन चढायच्या आत फिरून घ्यावं, ऑक्टोबर लागला की दुपारचं ऊन कातळावरनं भाजतं. डब्यात मऊ वरणभात, पाणी घरचं. दुपारची झोप घरी येऊन. हे सगळं आई सांगते तेच मी सांगतोय, पण माझं कारण वेगळं आहे. लेकरू दमलं की किरकिर करतं, किरकिर केली की मांडीवर घ्यावं लागतं, मांडीवर कंटाळलं की उभं राहतं, आणि मग टपावरचं सनरूफ उघडतं.

आलो ना परत तिथंच.

पिंटू, तू म्हणालास, अण्णा वीसचा स्पीड आहे, गाडीला सहा एअरबॅग आहेत, सगळेच पोरांना वर काढतात. पुढच्या तीन गाड्यांतनं पोरं बाहेर होती हे मी पण बघितलं. माझं ऐक फक्त. ब्रेक मारला की गाडी थांबते, माणूस थांबत नाही. आमच्या ट्रेनिंगला हे पहिल्या दिवशी सांगायचे. वीसच्या स्पीडला बसमधला उभा माणूस दोन सीट पुढं जातो, हे मी रोज आरशात बघितलंय. पन्नासला गाडी कशाला धडकली तर चिऊचं अकरा किलो आईच्या हाताला दोन-तीन क्विंटलची ओढ देतं, कुठल्या आईचे हात ते धरतील? माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. आणि एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशोबाने बनवलेली असते. मांडीवर लेकरू असेल तर ती आधी त्याच्याच अंगावर फुटते. पुढच्या सीटवर लेकरू नकोच. मागं, पट्ट्याने बांधलेली लहान मुलांची सीट, आणि तिचं वय बघता अजून जमेल तेवढे दिवस तोंड मागच्या काचेकडं करून. कारण या वयात डोकं जड आणि मान कवळी असते, झटका बसला तर पाठीने घ्यावा, मानेने नको. कायद्यातही आहे, २०१९ च्या दुरुस्तीत चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर एक हजार दंड. दंडाचं सोड, तो तू भरशील.

लेक्चर झालं. माफ कर. तू शिकलेला आहेस, तुला हे वाचायला मिळालं असणार. सूनबाईने सीट घ्यायचं मागंच काढलं होतं असं ती आईला म्हणाली, तू म्हणालास चिऊ बसणार नाही, रडेल. रडेल. दोन-चार दिवस रडेल.

आता जे सांगतोय ते तुझ्या आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तू चिऊएवढाच होतास, अडीच वर्षांचा. माझी सातारा-बामणोली ड्यूटी होती. ते वर्ष टोपली कारवीचं होतं, सात वर्षांनी फुलते ती, अख्खा उतार निळा-जांभळा झालेला. तेव्हा कासला ना पास होता ना कुणी शिट्टी मारणारं, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि मग लोकांची रीघ लागली. तेव्हा गाडीत बामणोलीकडची माणसं, पिशव्या, कोंबड्या, आणि खिडकीबाहेर नुसती फुलं. मला वाटलं पोराला दाखवावी. आईला म्हणालो नेतो बरोबर, संध्याकाळी आणतो. तिने तुला लाल स्वेटर घातला, काळजी घ्या म्हणाली.

तुला मी बॉनेटवर बसवलं. जुन्या गाड्यांना इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारी, त्यावर झाकण. ऊबदार असतं म्हणून सगळे ड्रायव्हर आपली पोरं तिथंच बसवायचे. खाली माझा टॉवेल चौघडी घालून टाकला. तू समोरच्या काचेतनं बघत होतास आणि प्रत्येक वळणाला टाळ्या वाजवत होतास. मला इतकं भारी वाटत होतं की काय सांगू. कंडक्टर म्हणाला पण, पोराला मागं द्या माझ्याकडं, मी म्हणालो राहू दे, बघू दे.

यवतेश्वर मागं पडलं, पठार लागलं आणि धुकं उतरलं. पंचवीसच्या वर नव्हतो, शप्पथ. धुक्यातनं म्हैस आली. मी ब्रेक मारला, गाडी थांबली, म्हैस निघून गेली, एकाही पॅसेंजरला खरचटलं नाही. तू समोरच्या लोखंडी दांडीवर गेलास.

आवाज अजून येतो मला. मोठा नव्हता. टप्प असा.

डाव्या भुवईवर दोन टाके पडले. परवा चिऊ डबक्यात खडा टाकत होती आणि तेच वाजत होतं, म्हणून मी मोजत बसलो होतो. आईला सांगितलं डेपोच्या पायरीवर पडला. तिने डेपोच्या पायऱ्यांना किती वर्षं शिव्या घातल्या. तुलाही तेच सांगत आलो. लग्नाच्या फोटोत फोटोवाला म्हणाला भुवईचा डाग काढून टाकतो, तू म्हणालास राहू दे, लहानपणीची खूण आहे. मी मांडवातनं उठून बाहेर गेलो होतो, तू विचारलंस कुठं गेला होता, मी म्हणालो आचाऱ्याकडं.

विना अपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा तू तुझ्या सगळ्या मित्रांना दाखवलास. कपाटात आहे अजून. त्यात तो दिवस धरलेला नाही. कागदोपत्री झालंच नव्हतं काही.

रविवारी तू सनरूफ उघडलंस तेव्हा तोच रस्ता होता. ती जागा मला डोळे मिटून सांगता येईल. चिऊचे दोन्ही हात वर, टाळ्या वाजवत होती. मग माझ्या तोंडातनं जे निघालं ते तुला उद्देशून नव्हतं पिंटू, किंवा होतं, पण अर्धंच.

तू माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहेस. हे खोटं खोटं म्हणत नाही. खंबाटकी उतरताना गिअर कमी ठेवतोस, ब्रेकवर पाय दाबून ठेवत नाहीस, ते मी बघितलंय, कुणी शिकवलं तेही मला माहितीय. मला भीती तुझ्या हाताची नाही. म्हशीची आहे. समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या त्या मोटारसायकलवाल्याची आहे. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी समोरचा त्याच्या हातात नसतो.

मागच्या महिन्यात फरकाचे पैसे आलेत. मी गेल्या दोन दिवसांत पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दोन दुकानांत विचारून आलो, त्यांच्याकडं नुसत्या बाबागाड्या. शेवटी आत्याच्या पोराने मोबाईलवर दाखवलं. तुझ्या गाडीच्या मागच्या सीटला लोखंडी हूक असतात म्हणे, आयसोफिक्स म्हणतात, त्यात खटकन बसते. तू हूक आहेत का बघ, पाठीच्या आणि बुडाच्या मधल्या फटीत हात घालून. सीट तू निवड, पैसे मी देणार. नाही म्हणू नकोस. तिला आजोबांची गाडी म्हणून सांगा, कदाचित बसेल. लाल मिळाली तर लाल घे, तिला लाल आवडतो.

दिवाळीला वसुबारसेलाच या. तोवर कासची फुलं संपलेली असतील, पण गर्दी पण संपलेली असेल, हस्ताचा पाऊस होऊन गेलेला, हवा एकदम स्वच्छ. आपण लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला जाऊ, हायवेपासून आत थोडंच आहे. शाहू महाराजांच्या काळातली विहीर, आत दगडी महाल आहे, तुला शाळेची सहल घेऊन गेली होती. तिथं मात्र चिऊचा हात मी धरणार, सोडणार नाही, आणि वरच्या काठाला तिला अजिबात न्यायचं नाही. खाली पायऱ्यांवर बसवू, पाण्यापासनं लांब. एकच ठिकाण, डबा खाऊन दुपारी घरी. मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसेन आणि ती रडली तर साताऱ्यापासून लिंबपर्यंत सगळ्या थांब्यांची नावं तिला म्हणून दाखवेन. तू रडायचास तेव्हा तेच करायचो.

आईला त्या बॉनेटचं मी सांगणार आहे. तू येशील तेव्हा, तुझ्यासमोर. एकट्याने जमणार नाही.

सीट बसवलीस की फोटो टाक. नुसत्या सीटचा नको, चिऊ त्यात बसलेली पाहिजे, पट्टा दिसला पाहिजे.

तुझा,
अण्णा

ता.क. चिऊचा एक बूट इथं कॉटखाली राहिलाय, डावा. तळाला कासची तांबडी माती आहे. आई धुवायला निघाली होती, मी म्हणालो राहू दे. दिवाळीला आलात की नेशील.