नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकातल्या भाऊंना, माझ्या गाडीच्या ईसीएमबद्दल मनापासून थँक यू

भाऊ, नमस्कार.

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण पत्र मला सगळ्यांसमोरच लिहायचं होतं. त्या दिवशी चाबी हातात पडल्यावर मी "चला भाऊ, येते" एवढंच बोलले आणि निघाले, तिकडे कामठीला पेशंट वाट पाहून राहिले होते. रात्री घरी आल्यावर जाणवलं की ज्या माणसानं पाच दिवस माझ्या गाडीसाठी डोकं लावलं त्याला आपण धड थँक यूसुद्धा म्हटलं नाही. म्हणून हे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन ट्रीटमेंट देते, कामठी, कोराडी, हिंगणा असं रोजचं फिरणं, बरेचसे लकवा झालेले पेशंट, जे क्लिनिकला येऊच शकत नाहीत. डिक्कीत फोल्डिंग टेबल, दोन मशीन, वाळूच्या वजनांची पिशवी. गाडी २०१८ ची डिझेल, बीएस फोर, कधी दगा दिला नाही. मे महिन्यात सर्व्हिसिंगला टाकली एका वर्कशॉपमध्ये, तिथे म्हणाले इंजिनच्या ईसीएमचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर अपडेट आलं आहे, वीस मिनिटांचं काम, करून देतो. मी म्हटलं करा. चाबी ऑन, ब्लोअर चालू, हेडलाईट चालू, बॅटरी साडेतीन वर्षं जुनी आणि तिला चार्जर लावलेला नाही, हे सगळं मी काचेतून पाहत होते पण तेव्हा त्यात काही चुकीचं आहे हे मला कुठून कळणार. लॅपटॉपवरची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे गेली आणि थांबली. मग एरर. परत लावलं, परत एरर, आणि तिसऱ्या वेळी तर लॅपटॉपला ईसीएम सापडेचना.

त्यानंतर चाबी फिरवली की रेडिएटरचा फॅन एकदम फुल स्पीडनं भणभण सुरू व्हायचा, आणि चेक इंजिनचा तो पिवळा दिवा, जो चाबी ऑन केल्यावर दोन सेकंद तरी लागतोच, तो लागतच नव्हता. स्टार्टर टक्कसुद्धा करत नव्हता. ईसीएम गेला, नवीन टाका, बहात्तर हजार, कोडिंग वेगळं, आणि यायला तीन आठवडे. बस, एवढं सांगून विषय संपला त्यांचा. मी गाडी टो करून मनीष नगरला घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी मशीन खांद्यावर घेऊन मेट्रोनं फिरायला लागले.

ईसीएम दुरुस्त करणारे म्हणून तुमचा नंबर आमच्या जुन्या मेकॅनिकनं दिला. फोनवर तुम्ही पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो, "ताई, कोणी उघडला तर नाई ना अजून?" मी नाही म्हटलं तर म्हणाले, "मग कोणाले हात नका लावू देऊ, मी येतो." आणि खरंच आलात, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात दुपारी दीड वाजता, कामठी रोडहून वर्धा रोडपर्यंत टू व्हीलरवर, डोक्याला दुपट्टा बांधून.

मला वाटलं आता हे लॅपटॉप काढतील. तुम्ही मल्टिमीटर काढला. स्टेअरिंगच्या खालच्या त्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये आधी सोळा नंबर आणि चार नंबरवर सप्लाय बघितला, मग बॅटरीचं टर्मिनल काढून सहा आणि चौदा नंबरमध्ये रेझिस्टन्स मोजला. साठ ओहम आला तर तुमचा चेहरा मोकळा झाला. मी विचारलं साठ काहून, तर गाडीच्या मडगार्डवर बोटानं आकृती काढून समजावलं की कॅनच्या, म्हणजे गाडीतले सगळे कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांच्या, दोन टोकांना एकशेवीसचे दोन रेझिस्टर असतात, दोन्ही समांतर म्हणून मिळून साठ, एकशेवीस आला असता तर कुठेतरी एक टोक सुटलं आहे असं समजायचं. म्हणजे वायरिंग चांगलं होतं. मग स्कॅनर लावला, तर एबीएस बोलत होतं, एअरबॅग बोलत होती, मीटर बोलत होता, आणि सगळ्यांची एकच तक्रार, यू ०१००, इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला. माझ्या पेशंटमध्ये हेच रोज बघते मी, हात चांगला, नस चांगली, वरून हुकूमच येत नाही. त्यामुळे तुमचं बोलणं मला पटकन समजलं आणि भीती थोडी कमी झाली.

ईसीएम काढून तुमच्याकडे नेला, दुसऱ्या दिवशी मी उज्ज्वल नगरहून मेट्रोत बसले आणि शेवटच्या स्टेशनला उतरले, तुमच्याच चौकात. टेबलावर तुम्ही त्याला साडेतेरा व्होल्ट दिले होते आणि पॉवर सप्लायवरचा करंटचा आकडा मला दाखवला, अगदी थोडा, पण शून्य नाही आणि शॉर्टही नाही. "हा जिवंत आहे ताई. बोलून नाई राहिला फक्त." तुम्ही सांगितलं की नवीन सॉफ्टवेअर लिहायच्या आधी जुनं पुसलं जातं, आणि पुसून झाल्यावर लिहिताना मधेच व्होल्टेज पडलं तर आत ना जुनं राहतं ना नवीन. सुरुवातीचा लहान प्रोग्राम, बूटलोडर, तो वेगळ्या जागी जपून ठेवलेला असतो, बऱ्याच वेळा त्याच्यामुळेच ईसीएम वाचतो आणि कव्हर न उघडता काम होतं. माझ्या केसमध्ये तोही उत्तर देत नव्हता. तुम्ही सप्लाय बंद-चालू करून किती वेळा प्रयत्न केला मी मोजलं नाही, तासभर तरी.

मग राहिला बूट मोड. आत इन्फिनिऑन कंपनीचा ट्रायकोर नावाचा प्रोसेसर आहे आणि त्याच्यात कारखान्यातच कायमचा कोरलेला एक छोटा भाग असतो, सॉफ्टवेअर जिथे असतं ती फ्लॅश मेमरी पूर्ण खराब झाली तरी तो भाग खराब होत नाही, आणि बोर्डवरचा एक ठरावीक पॉइंट सप्लाय देताना ग्राउंडला, म्हणजे सप्लायच्या मायनसला, जोडला की प्रोसेसर फ्लॅशकडे न जाता त्या कोरलेल्या भागातून उठतो, हे तुम्ही मला जेवणाचा डबा बाजूला ठेवून सांगितलं. पण त्यासाठी कव्हर उघडावं लागतं, आणि ते रबरी गोंदानं बंद असतं. हीट गननं चारी बाजू गरम करत, पातळ पट्टी एक-एक मिलिमीटर आत सरकवत तुम्ही पाऊण तास घेतला. जोर लावला असता तर पाच मिनिटांत उघडला असता आणि बोर्डही गेला असता.

आणि त्याच वेळी तुम्ही कूलर बंद केला. भाऊ, नागपूरचा मे महिना, टिनाचं छप्पर, आणि कूलर बंद! मला वाटलं लाईट गेली. तुम्ही म्हणाले उघड्या बोर्डावर कूलरची ओली हवा नको, आणि मोटर सुरू होताना लाईनला झटका बसतो, लिहिताना तो नको. लाईट गेली तरी चालावं म्हणून पॉवर सप्लायला वेगळी मोठी बॅटरी जोडून ठेवली होती. मग मायक्रोस्कोपखाली त्या पॉइंटला केसासारखी बारीक तार लावताना तुमच्या नाकावरून घामाचा थेंब खाली येत होता आणि तुम्ही मान वळवून तो खांद्यानं पुसला, हात हलू दिला नाही. हे मी बघितलं आहे.

ईसीएममधला डेटा वाचायला मिळाल्याबरोबर तुम्ही त्यात काही लिहिलं नाही. आधी सगळं कॉपी केलं, फ्लॅश वेगळी, ज्यात चाबीची ओळख आणि इंजेक्टरचे कोड असतात ती मेमरी वेगळी, दोन-दोनदा वाचून दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते बघितलं आणि पेन ड्राईव्हवर टाकून तो माझ्या हातात दिला. तुमच्या हेल्परनं विचारलं आता तर कचराच आहे ना आत, त्याला कशाला जपायचं, तर तुम्ही त्याला शांतपणे सांगितलं की सॉफ्टवेअर कचरा आहे, पण चाबीचा डेटा याच गाडीचा आहे, तो गेला तर दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. म्हणजे त्या वर्कशॉपमध्ये दोन-तीनदा जबरदस्तीनं लिहायचा प्रयत्न झाला त्यात तो डेटा वाचला हे माझं नशीबच.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहून राहिले ते यापुढचं आहे. संध्याकाळी तुमच्याकडे एक फाईल होती, हार्डवेअर नंबर तोच, सॉफ्टवेअर नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे. मी घाईत होते, बाजूला उभे असलेले एक जण म्हणाले चालून जाते, लावून द्या. मीसुद्धा म्हटलं, लावा ना भाऊ, उद्या कोराडीला जायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात. "गाडी कदाचित सुरू होईल, पण धूर, पिकअप, टर्बोचं प्रेशर, काय कुठे बदललं आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्ही रोज हायवेनं जाता." मला राग आला होता तेव्हा, खरं सांगते. सगळं झालेलं आहे, दोन आकड्यांसाठी अडवून ठेवलं आहे असं वाटलं. तुम्ही दोन दिवस थांबलात, ओळखीच्या लोकांना फोन केले, आणि जुळणारी, कोणी छेडछाड न केलेली कंपनीचीच फाईल मिळाल्यावरच लिहिली. त्या दोन दिवसांचे तुम्ही पैसे लावले नाहीत आणि मधे दुसऱ्याचं काम हातात होतं तरी रोज सकाळी मला फोन करून सांगत होता की ताई, अजून नाई मिळाली.

लिहिल्यावर चेकसम, म्हणजे फाईल बिनचूक असल्याची खूण सांगणारा आकडा, बरोबर आहे ते बघितलं, टेबलावरच स्कॅनर लावला तर स्क्रीनवर माझ्या गाडीचा चेसिस नंबर आला. कव्हरला नवीन सीलंट लावून रात्रभर ठेवलं, घाई केली असती तर पहिल्या पावसात पाणी गेलं असतं. पाचव्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये बसवला. मी चाबी ऑन केली आणि तो पिवळा दिवा लागला. आयुष्यात पहिल्यांदा चेक इंजिनचा दिवा बघून मला रडू आलं. फॅन शांत होता. तरी तुम्ही स्टार्ट करू दिलं नाही, आधी इंजिनचं कव्हर काढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये चारही इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड वाचले, मी स्कॅनरवरचे वाचून जुळवत गेले, एक-एक अक्षर, आणि मग म्हणालात, "मारा ताई सेल्फ." पहिल्या सेल्फला सुरू झाली.

साडेसहा हजार घेतले तुम्ही. जास्त देत होते तर हात मागे घेतला. आणि जाताना एवढंच सांगितलं की यापुढे कोणीही अपडेट करतो म्हणालं तर आधी बॅटरीला सपोर्ट चार्जर लावायला सांगा, ब्लोअर-लाईट बंद ठेवायला सांगा, आणि नाही म्हणाले तर गाडी घेऊन या. मी आता ते ज्याला भेटेल त्याला सांगत असते.

एक गोष्ट राहिली. मायक्रोस्कोपवरून उठताना दर वेळी तुम्ही उजवा हात झटकता, अंगठा आणि बाजूची दोन बोटं चोळता, आणि मान डावीकडे पूर्ण वळत नाही तुमची. पाच दिवस मी ते बघत होते, बोलले नाही. ते दुर्लक्ष करायचं दुखणं नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी टेबल आणि मशीन घेऊन दुकानावर येते, त्याच गाडीनं. तासभर मोकळा ठेवा, फीचं नाव काढू नका, आणि कूलर चालू ठेवा.

तुमची,
मनीष नगरवाली ताई