ताई, तुम्ही खोलीतला दिवा बंद केलात

प्रिय ताई,

तुम्ही माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असाल, तरी मी ताईच म्हणणार. तुमचं नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. मागच्या महिन्यात तुम्हाला शोधत डोळ्यांच्या विभागात आले, तेव्हा कळलं की तुमची इंटर्नशिप संपली आणि तुम्ही नागपूर सोडलंत. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेलच. आणि मधल्या वाटेत एखाद्या आईने वाचलं तर तेही मला हवंच आहे.

आठवण करून देते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, बाहेर ४५ अंश. सक्करदऱ्याहून ऑटोने आलो होतो. पाच वर्षांची पोर माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली, आणि मांडीवर फाइल, इतकी जाड की तिला रबर लावलं होतं. तुम्ही ती फाइल घेतलीत, न उघडता बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "हिला कधी चांगलं दिसतं?"

पाच वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. काय दिसत नाही, किती दिसत नाही, कधीपासून दिसत नाही, हेच सगळे विचारायचे. मी जरा गोंधळलेच. मग म्हटलं, "दिवेलागणीला. तेव्हा ती वेगळीच पोरगी असते." गच्चीवर शेजारच्या मुलांच्या पुढे पळते. लाइट गेली की अंधारात तीच मला मेणबत्ती शोधून देते. हे मी आधीही एका ठिकाणी सांगितलं होतं. "मुलं नाटकं करतात, लाड कमी करा," असं ऐकून गप्प बसले होते.

तुम्ही उठलात, खिडकीचा पडदा ओढलात आणि खोलीतला दिवा बंद केलात. काही बोलला नाहीत. मिनिटभरात माझ्या ओढणीतून तोंड बाहेर आलं. डोळे उघडले, पूर्ण उघडले. आणि ती तुम्हाला म्हणाली, "तुमच्या किल्लीला मांजर आहे?" तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला ते बोटाएवढं मांजर लटकत होतं. दवाखान्यात तिने आपणहून कोणाशी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

त्याआधीचं थोडक्यात सांगते, कारण ते उगाळत बसण्यात आता अर्थ नाही. ती तीन महिन्यांची असल्यापासून तिची बुबुळं सारखी थरथरायची. उन्हात नेली की डोळे गच्च मिटून रडायची. कोणी नंबरचा चष्मा दिला, कोणी सहा महिने एका डोळ्यावर पट्टी बांधायला लावली, मग मेंदूचा एमआरआय झाला. तोही नॉर्मल आला. डोळ्याचा पडदा बघून सगळे म्हणायचे, "पडदा तर चांगला आहे." चांगला आहे तर माझी मुलगी भर दुपारी दारातल्या पायरीवर का अडखळते, हे मी कोणाला विचारणार होते?

मग तुम्ही विचारलंत, रंग ओळखते का? मी ठासून सांगितलं, सगळे ओळखते. टोमॅटो लाल, पान हिरवं, संत्रं नारंगी, घडाघडा सांगते. तुम्ही तीन रंगीत खडू घेतलेत, त्यांच्यावरचे कागद सोलून टाकलेत आणि तिच्यापुढे ठेवलेत. लाल कोणता? ती खडूंकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, हे बोलता बोलता निघालं होतं. तुम्ही म्हणालात, "ताई, आज घरी गेल्यावर हिला रिळं मागून बघा. वस्तूचं नाव घेऊ नका, नुसता रंग सांगा." त्या संध्याकाळी मी रिळांचा डबा जमिनीवर पालथा केला. लाल मागितलं. तिने काळं दिलं. परत मागितलं, तर कॉफी रंगाचं दिलं. पिवळं मागितलं, तर क्रीम. सगळं अगदी मन लावून, एकेक रीळ नाकाजवळ धरून. ताई, याच रिळांवरून मी तिला किती वेळा रागावले होते. लग्नसराईच्या घाईत एकदा पाठीत धपाटाही घातला होता, कारण लाल मागितल्यावर तिने काळं रीळ आणलं आणि वर "हेच तर लाल आहे" म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांना लाल रंग काळाच दिसतो. त्या रात्री ती झोपल्यावर मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी धावत आले, तेव्हा तुम्ही मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलंत. त्यांचेही आभार मानते. शिकाऊ मुलीचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं, पुन्हा तपासलं आणि हैदराबादला ईआरजी, म्हणजे डोळ्याचा पडदा उजेडाला कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी तपासणी, करायची चिठ्ठी दिली. त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला, अ‍ॅक्रोमॅटॉप्सिया. ते गेल्यावर बाकावर माझ्याशेजारी बसून तुम्ही मला तो समजावून सांगितलात, ते अजून जसंच्या तसं आठवतं. पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी, साधारण १२ कोटी. भर उजेडात, बारकाव्यांसाठी आणि रंगांसाठी लागणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी, साधारण ६० लाख. हिच्या शंकूपेशी जन्मापासून कामच करत नसाव्यात. दंडपेशींवरच सगळा भार, आणि नागपूरच्या उन्हात त्या दिपून जातात. म्हणून दुपारी आंधळी, संध्याकाळी पाखरासारखी.

मी विचारलं, असं आणखी कोणाला असतं का? तुम्ही सांगितलंत, साधारण ३० हजारांत एकाला. आणि मग त्या बेटाची गोष्ट सांगितलीत. पॅसिफिक महासागरातलं पिंगेलाप. १७७५ च्या सुमारास तिथे मोठं वादळ झालं, जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्यांच्यातल्या एकाच्या रक्तात हा दोष होता, पिढ्यान्पिढ्या आपसात लग्नं होत गेली, आणि आज तिथे शंभरांत चार ते दहा जण असे आहेत. ती माणसं रात्रीच्या मासेमारीत तरबेज असतात, असंही म्हणालात. ते ऐकून मला काटोलचे नानाकाका आठवले. त्यांचं पुढे सांगते.

रात्रीच्या गाडीने सिकंदराबादला गेलो. तपासणीआधी २० मिनिटं मिट्ट काळोखात बसवतात. बाकीची मुलं रडत होती. माझी मात्र तिथल्या दादांना आमच्या गल्लीतल्या मांजरीची गोष्ट सांगत होती. खालच्या पापणीवर केसाएवढा बारीक धागा, कपाळावर चिकटपट्टी, समोर आतून पांढरा मोठा वाडगा. आधी अंधारातले मंद झोत. मग दहा मिनिटं उजेड, तेव्हा मात्र ती कळवळली. शेवटी सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश, कारण इतक्या वेगाला फक्त शंकूपेशीच साथ देऊ शकतात. कागदावर पहिल्या रेघा डोंगरासारख्या चढत-उतरत होत्या. शेवटची रेघ पाटीवर पट्टीने ओढावी तशी सरळ. त्या रेघेकडे बघून मला रडू आलं, पण त्यात सुटल्यासारखंही वाटलं. माझी मुलगी नाटकं करत नाही, हे लेखी होतं.

तिथल्या बाकांवर बसून मी जे पाहिलं ते इथे लिहायलाच हवं. एक शाळामास्तर होते, रातांधळेपणाने सुरुवात झालेली, आता नजरेचा घेर इतका आकसलेला की वर्तमानपत्र वाचायचे पण दाराच्या चौकटीला धडकायचे. लोकांना वाटे, पिऊन येतात. कॉलेजातला एक मुलगा होता, चालायचा सरळ, पण समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, कारण पडद्याचा मधलाच भाग झिजत होता. मित्र म्हणत, गर्विष्ठ आहे. एक तान्हं बाळ मुठीने सारखं डोळे दाबत होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या काही जन्मजात आजारांत बाळं असं करतात. आयांनो, चष्मा लावूनही दिसत नसेल आणि पडदा "चांगला" म्हणत असतील, तर थांबू नका. उजेडात जास्त त्रास होतो की अंधारात, हे आठवडाभर बघा, लिहून ठेवा आणि ईआरजी कुठे होते ते विचारा.

रक्ततपासणीत जनुकही सापडलं, सीएनजीए३. दोष आईकडून एक आणि बाबांकडून एक असा आला, तरच आजार होतो. आमच्यासारख्या जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आम्ही आते-मामे भावंडं, माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. घरात माझ्या पायगुणाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. फोनवर तुम्ही आत्याशी अर्धा तास बोललात. फोन ठेवून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे हे माह्या माहेरचंच हाय त. तुह्याबी अन् माह्याबी." त्यानंतर मला एक शब्द कोणी बोललं नाही.

आता नानाकाका. माझे धाकटे काका, म्हणजे यांचे मामा. वय ५८. शाळेत फळा दिसायचा नाही म्हणून तिसरीत नाव काढलं. दिवसा शेतात काम होईना, म्हणून सगळ्या भावांनी त्यांना संत्र्याच्या बागेत रात्रीच्या राखणीला बसवलं, आणि ती राखण त्यांनी चाळीस वर्षं केली. बॅटरीशिवाय बांधावरून चालतात. गावात त्यांना दिवाभीत म्हणायचे. दिवाळीनंतर आम्ही त्यांनाही हैदराबादला नेलं. तीच सरळ रेघ. ते म्हणाले, "मले वाटे सगळ्यायलेच उन्हात असंच दिसते." परतीच्या गाडीत बल्लारशा येईस्तोवर बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी आयशी नव्हतो त." आळशी नव्हतो, एवढंच. या वयात नाव कळून काय उपयोग, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे वाक्य ऐकवते.

यावर अजून मान्यताप्राप्त औषध नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी खरं सांगितलंत. जनुकाचे उपचार माणसांवर तपासले जात आहेत. पडद्याच्या दुसऱ्या एका आजारावर, आरपीई६५ या जनुकासाठी, अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेला उपचार आहे, म्हणून आपल्या जनुकाचं नाव कागदावर असलेलं बरं, असंही म्हणालात. पण खोटी आशा लावली नाहीत. त्याबद्दल तर जास्तच आभार. आणि हाती दिलात तो गडद तांबड्या काचांचा चष्मा. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून या काचांतून त्या दिपत नाहीत. नंबरही त्यातच.

तो चष्मा आला आणि आठवड्याभरात तान्हा पोळा आला. त्याच दिवशी मारबत, आमच्या नागपुरातली मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. दरवर्षी ती ओढणीखालून नुसता आवाज ऐकायची. या वेळी टोपी, चष्मा आणि बाबांचे खांदे. महालातल्या त्या गर्दीत, सकाळी अकराच्या उन्हात, पिवळी मारबत समोरून आली. "घेऊन जा गे मारबत"चा गजर चाललेला. मी वर बघितलं, तर पोरीचं तोंड उघडं, आणि मान मारबतीबरोबर हळूहळू वळते आहे. "आई, केवढे हात गं तिचे!" पिवळी आहे हे तिला दिसत नाही. हात दिसले.

शाळेत ती आता पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसते. वर्गात टोपी घालायची परवानगी आहे, बाई जाड काळ्या शाईने लिहून देतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये अल्पदृष्टी आहे, हे तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून प्रमाणपत्राच्या खेपांना मी कंटाळले नाही. आणि माझ्या डब्यातल्या प्रत्येक रिळावर आता मोठ्या अक्षरांत रंगाचं नाव लिहिलेलं आहे. लाल मागितलं की लालच येतं.

तुमच्यासाठी एक कुर्ता शिवलाय. जुन्या विभागातल्या सिस्टरांकडे ठेवून आले आहे, त्या तुमच्या मैत्रिणीबरोबर पाठवतील म्हणाल्या. कापड मी घेतलं, गळ्यावरच्या टाक्यांचा धागा तिने निवडला, रिळावरचं नाव स्वतः वाचून. माप अंदाजाने घेतलंय, त्या दिवशी उभ्या राहून पडदा ओढत होतात ते आठवून. घट्ट झाला तर सैल करून घ्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवली आहे.

तुमची,
सक्करदऱ्याची ताई