घरगुती मोटरसायकल लिफ्टचे सेफ्टी लॉक बसत नाही आणि खरेदीपूर्वी चुकीची माहिती दिली, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोटरसायकल लिफ्ट विक्री विभाग

विषय: लिफ्ट परत घेऊन पूर्ण रक्कम परत मिळणे आणि वेबसाइटवरील चुकीचा मजकूर दुरुस्त करणे

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी घरच्या वापरासाठी सिझर पद्धतीची (कात्रीसारख्या पायांची) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारी, लिफ्ट घेतली. वेबसाइटवर तिची क्षमता 500 किलो दिली आहे. आमची गाडी साधारण 195 किलोची आहे, तरी ही लिफ्ट तिला उचलून धरून ठेवू शकली नाही. माझ्या मुलीचा हात चेंगरता चेंगरता वाचला. फोनवर आणि चॅटवर मिळालेल्या उत्तरांतून काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

आधी खरेदीपूर्वीचे सांगतो, कारण माझ्या मते मूळ दोष तिथेच आहे. गाडी रॉयल एनफील्डची जुन्या बनावटीची क्लासिक 350 आहे. तिच्या फ्रेमची एकच नळी पुढून खाली येते आणि तिथून पुढचा भार इंजिनच पेलते. इंटरसेप्टर 650 ला इंजिनच्या खालून दोन नळ्या जातात, तशा या गाडीला नाहीत. म्हणजे लिफ्टचे रबरी पॅड फ्रेमवर न टेकता थेट इंजिनच्या चेंबरवर, ड्रेन बोल्टच्या आसपास टेकणार. हे माहीत असल्यामुळेच मी पैसे भरण्याआधी आपल्या चॅटवर गाडीचे मॉडेल सांगून स्पष्ट विचारले होते की इंजिनखाली नळ्या नसलेल्या गाडीला ही लिफ्ट चालेल का, आणि वेगळा अडॅप्टर लागेल का. उत्तर आले, "सर्व बाइकला चालते, अडॅप्टरची गरज नाही." त्या भरवशावर मी लिफ्ट मागवली. संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

मुलीला गाडीच्या कामाची आवड आहे आणि हातही चांगला आहे. त्या दिवशी ती पुढच्या फोर्कचे ऑइल सील आणि कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) बदलत होती. मेन स्टँडवर या गाडीचे मागचे चाक उचलले जाते. पुढचे चाक काढायचे तर इंजिनखाली आधार द्यावाच लागतो. पॅड आणि चेंबरच्या मध्ये आम्ही जाड लाकडी फळी घेतली होती. मी एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी केली. तिथे नव्या पोराला आधी हेच शिकवतात, की जॅक उचलायला आणि घोडी (खाली ठेवायचा स्थिर आधार) धरायला. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या वजनाजवळ हात घालायचा नाही. म्हणून लिफ्टचे लॉक लावूनही आम्ही टाकी उतरवली, पोर्चमधल्या झोपाळ्याच्या कड्यांना रॅचेटचे (ओढून घट्ट करायचे) पट्टे लावले आणि ते फ्रेमच्या मानेला बांधले.

चाक निघाले. मुलगी फोर्कच्या बोल्टला पाना लावून बसली होती, तेवढ्यात लॉक सुटले आणि लिफ्ट बसू लागली. मोठा आवाज नाही, काही नाही. पट्टे एकदम ताणले गेले आणि गाडी डावीकडे कलून त्या पट्ट्यांवर लोंबकळली. मुलीचा हात तेव्हा फोर्क आणि मडगार्डच्या मध्ये होता. पट्टे नसते तर काय झाले असते, हे मी इथे लिहू इच्छित नाही. आपण ते समजून घ्यावे.

गाडी उतरवल्यावर लिफ्ट उलटी करून नीट पाहिली. सिलिंडरच्या दांड्यावर तेल पाझरले होते आणि खाली शहाबादीवर त्याचा ओला डाग होता. पण सील गळणे ही गोष्ट मी समजू शकतो. सील कधी ना कधी गळते, म्हणूनच तर यांत्रिक लॉक दिलेले असते. खरा प्रश्न त्या लॉकचा आहे. लॉकची पट्टी खाचेत पूर्ण उतरतच नाही, कडेवर जेमतेम दोन मिलिमीटर टेकते. तेवढ्याच जागी रंग उडून लोखंड चकाकते आहे. दुसऱ्या बाजूच्या खाचेतला रंग कारखान्यातून आला तसाच शाबूत आहे, म्हणजे त्या बाजूला पट्टी कधी टेकलेलीच नाही. सगळा भार एका बाजूच्या दोन मिलिमीटरवर होता. शिवाय वेबसाइटवर "प्रत्येक उंचीवर लॉक" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात खाचा दोनच आहेत आणि त्याही अगदी वरच्या टोकाला. मधल्या उंचीवर काम करणारा माणूस नुसत्या तेलावर विसंबून असतो आणि त्याला ते सांगितलेलेही नसते. फोटो जोडले आहेत, त्यांत पट्टीजवळ मोजपट्टी धरली आहे.

यावर आपल्या ग्राहक सेवेचे पहिले उत्तर होते की लिफ्टचे हँडल सोडल्यावर ती थोडी खाली बसणे "नॉर्मल" आहे. पट्टी खाचेत बसेपर्यंत थोडे खाली येणे नॉर्मल असते, लॉक लागल्यानंतर नाही. दुसरे उत्तर आले की वजन जास्त झाले असावे. 500 किलोच्या लिफ्टवर 195 किलोची गाडी, तीही पुढचे चाक आणि टाकी काढलेली! तिसरे उत्तर, परतीची मुदत संपली.

500 हा आकडा आपण पानभर मोठ्या अक्षरात छापता, म्हणून त्याबद्दलही लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या दोन-सव्वादोनशे किलोच्या आत आहेत. घरी लिफ्ट घेणाऱ्याचा प्रश्न ती किती वजन उचलेल हा फारसा नसतोच. उचललेली गाडी बाजूला पडेल का, हा असतो. मी आपल्या लिफ्टचा पायथा मोजला, तो 36 सेंटीमीटर रुंद आहे. मध्यापासून कडेपर्यंत 18. गाडी वर गेल्यावर तिचे हँडल जमिनीपासून साधारण 130 सेंटीमीटरवर येते. साधा हिशेब केला (195 गुणिले 18, भागिले 130) तर हँडलपाशी बाजूने 25 ते 30 किलोचा जोर लागला की पट्टे न बांधलेली गाडी पायथ्यावरून कलंडू शकते. घट्ट बसलेला नट सोडवताना माणूस सहज एवढा जोर लावतो. त्यात चाक काढले की तोल आणखी सरकतो. असे असताना बॉक्समध्ये बांधायला एकही पट्टा नाही, पट्टा अडकवायला लिफ्टवर कडी नाही, आणि इंग्रजीतल्या एकपानी माहितीपत्रकात गाडी बांधून घ्या अशी ओळही नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरी काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडते. घरच्या पार्किंगला पाणी निघून जावे म्हणून गेटच्या बाजूला ढाळ दिलेला असतो. या लिफ्टला खाली चाके आहेत, पण ती जागेवर धरून ठेवणारे स्क्रू दोनच, आणि तेही एकाच बाजूला. सपाट काँक्रीटच्या वर्कशॉपसाठी बनवलेली वस्तू घरगुती म्हणून विकायची असेल तर चारही कोपरे जमिनीवर टेकवता यायला हवेत. टेबल पद्धतीच्या लिफ्टमध्ये पुढचे चाक शिकंजात धरले जाते आणि पायथाही लांबरुंद असतो. जागा असेल त्याला ती बरी. ज्याला फक्त चेन साफ करायची आहे त्याला मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) पुरतो. हा सल्ला ग्राहकाला विकणाऱ्याकडून मिळायला हवा. ग्राहक दुकानात येऊन वस्तू हलवून पाहू शकत नाही, आपण जे लिहिता त्यावरच तो निवड करतो.

लिफ्टवर सीई (युरोपीय मानकांची खूण) असा स्टिकर आहे. ही खूण लावणाऱ्या उत्पादकाकडे अनुरूपतेचे घोषणापत्र असावे लागते. त्याची प्रत मी मागितली, ती मिळाली नाही. बॉक्सवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता नाही, मूळ देशही नाही. वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तू नियमांप्रमाणे नाव-पत्ता, आणि वस्तू आयात केलेली असेल तर मूळ देशही, छापणे बंधनकारक आहे.

माझ्या मागण्या अशा. लिफ्ट आपल्या खर्चाने घेऊन जावी आणि पूर्ण रक्कम परत करावी. मला बदली लिफ्ट नको, कारण लॉकची रचनाच चुकीची दिसते. "सर्व बाइक" आणि "प्रत्येक उंचीवर लॉक" हे शब्द वेबसाइटवरून आजच काढावेत, आणि कोणत्या गाडीला कुठे टेकवायचे, कोणत्या गाडीला अजिबात लावायची नाही, याची यादी मराठी आणि हिंदीसह द्यावी. आणि ज्यांनी हेच मॉडेल घेतले आहे त्या सगळ्यांना लॉकची पट्टी दोन्ही बाजूंनी तपासायला कळवावे. माझे पैसे मिळायला चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पण हे शेवटचे काम थांबू नये. आत्ता कुणीतरी त्या लिफ्टशेजारी बसून काम करत असेल.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. परतीची मुदत संपल्याचे कारण मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगितली आहे. रचनेतला दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे आणि वापराची पुरेशी सूचना न देणे, या तिन्ही गोष्टी कलम 84 मध्ये येतात आणि तिन्ही इथे आहेत. महिन्याभरात निवारण झाले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. लिफ्ट त्याच अवस्थेत झाकून ठेवली आहे. आपला तंत्रज्ञ पाहायला येणार असेल तर जरूर यावा, माझ्यासमोर लॉक लावून दाखवावे.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक पावतीप्रमाणे)
सांगली

सोबत: खरेदीची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, लॉकची पट्टी, सिलिंडर व पायथ्याचे फोटो, वेबसाइटवरील वर्णनाची छापील प्रत